आरोग्य संशोधनात लोकांना सोबत घेताना: सल्लागार मंडळ उभं करण्यापासून ते टिकवण्यापर्यंत

तालुक्याच्या गावी संशोधन प्रकल्पाची बैठक असते. बारा खुर्च्या, चार डॉक्टर, दोन संशोधन सहायक आणि ‘समुदायाचे प्रतिनिधी’ म्हणून बोलावलेली सहा माणसं. प्रोजेक्टरवर इंग्रजी स्लाइड्स चाळीस मिनिटं चालतात. मग कुणीतरी विचारतं, “कुणाला काही प्रश्न?” सहाही जण मान हलवतात, हजेरीपटावर सह्या करतात, पोहे खातात आणि शेवटची एसटी पकडायला निघतात. अहवालात नोंद होते: समुदायाशी सल्लामसलत केली.

इथे चूक त्या सहा जणांची नाही. ती माणसं घरी, पारावर, बचत गटात भरपूर बोलतात. त्यांना बोलता यावं म्हणून जी तयारी लागते, ती कुणीच केलेली नसते. ही तयारी म्हणजे चांगुलपणा नव्हे, ते काम आहे. त्याला वेळ, पैसा आणि एक जबाबदार माणूस लागतो. महाराष्ट्रात, विशेषतः ग्रामीण भागात, आरोग्य संशोधन करणाऱ्या संस्था, वैद्यकीय महाविद्यालयांचे जनऔषधवैद्यकशास्त्र (कम्युनिटी मेडिसिन) विभाग आणि स्वयंसेवी संघटना यांच्यासाठी ते काम इथे क्रमाने मांडलं आहे.

आधी तीन भूमिका वेगळ्या करा

संशोधनात लोक तीन प्रकारे येतात आणि या तिन्हींची सरमिसळ झाली की पुढचं सगळं बिघडतं. ज्यांचं रक्त घेतलं जातं, ज्यांना गोळी दिली जाते, ते सहभागी. त्यांचे हक्क वेगळे आणि हा लेख त्यांच्याबद्दल नाही. दुसरे एथिक्स कमिटीतले सामान्य सदस्य, ज्यांना सगळे ‘लेपर्सन’ म्हणतात. तिसरे समुदाय सल्लागार मंडळातले, म्हणजे ‘कॅब’चे सदस्य. लेपर्सन संशोधनाला मंजुरी देणाऱ्या समितीत बसतो. तो संशोधकाचा माणूस नसतो आणि त्याचं मत नोंदवणं बंधनकारक असतं. कॅब संशोधकाच्या सोबतीने चालतं, सल्ला देतं; मंजुरी देत नाही.

कॅबच्या सदस्याला पहिल्याच दिवशी एक गोष्ट स्पष्ट सांगा: सहभागी गोळा करून आणणं हे त्याचं काम नाही. हे न सांगितल्यामुळे अनेक मंडळं बिघडतात. शंभर जणांची भरती रखडली की प्रकल्प समन्वयक हळूच म्हणतो, “मावशी, तुमच्या गल्लीतल्या चार बायका पाठवा ना.” मावशींनी पाठवल्या की त्या सल्लागार उरत नाहीत, दलाल होतात, आणि पुढे काही उलटसुलट झालं तर शिव्या त्यांनाच बसतात. दुसरी तेवढीच महत्त्वाची गोष्ट: मंडळाने किंवा सरपंचांनी होकार दिला म्हणून कुणा एका माणसाची संमती मिळाली असं होत नाही. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची २०१७ची नैतिक मार्गदर्शक तत्त्वं याबाबत निःसंदिग्ध आहेत.

पायरी पहिली: काय बदलता येईल, ते कागदावर लिहा

बोलावणं धाडण्याआधी मुख्य संशोधकाने एका पानावर दोन रकाने करावेत. डावीकडे जे ठरलेलं आहे आणि बदलणार नाही ते: औषध कोणतं, किती लोक लागणार, निधी किती. उजवीकडे जे खरोखर बदलता येईल ते: संमतीपत्राची भाषा, रक्त कुठे आणि किती वाजता घ्यायचं, घरभेटीला कोण जाणार, प्रश्नावलीतले कोणते प्रश्न खटकतात, निष्कर्ष गावाला कसे सांगायचे.

उजवा रकाना रिकामा राहत असेल तर मंडळ बसवू नका. लोकांना आपला शब्द वाया जातोय हे दुसऱ्या बैठकीतच कळतं. आणि उजवा रकाना भरायचा असेल तर प्रोटोकॉल, म्हणजे संशोधनाचा लेखी आराखडा, एथिक्स कमिटीकडे जाण्याआधी किमान तीन महिने लोक सोबत हवेत. मंजुरीनंतर प्रत्येक छोटा बदलही सुधारणा म्हणून पुन्हा समितीकडे न्यावा लागतो. मग संशोधक कंटाळून म्हणतो, “आता राहू दे.”

लोकांच्या सांगण्यावरून किती मोठ्या गोष्टी बदलू शकतात याचं जवळचं उदाहरण गडचिरोलीत आहे. मोठ्या दवाखान्याची इमारत परकी वाटते, भीती वाटते, असं आदिवासींनी सांगितल्यावर ‘सर्च’ संस्थेने आपला दवाखाना गोंड गावातल्या झोपड्यांच्या धर्तीवर उभारला आणि त्याला दंतेश्वरी देवीचं नाव दिलं. एवढं प्रत्येकाला जमणार नाही, पण सकाळी साडेसहाला रक्त घ्यायचं की अकराला, एवढं तरी प्रत्येकाच्या हातात असतं.

निवड

दहा ते बारा जण पुरे. पंधराच्या वर गेलात की बोलणारे चार आणि ऐकणारे अकरा अशी वाटणी आपोआप होते.

सरपंच, पोलीस पाटील आणि शाळेचे गुरुजी यांना वगळून गावात काम होत नाही, हे खरं. त्यांची वेगळी भेट घ्या, प्रकल्पाची माहिती द्या, पण मंडळ त्यांनीच भरू नका. ते खोलीत असताना भूमिहीन मजूर बोलत नाही. आशा ताईंचा विचार थोडा बारकाईने करावा लागतो. गावातला आजार त्यांच्याइतका कुणालाच माहीत नसतो, पण त्यांचा मोबदला आरोग्य खात्याकडून येतो आणि समोर बसलेले वैद्यकीय अधिकारी बहुतेक वेळा त्यांच्या साहेबांपैकीच असतात. त्यांना बोलवा, पण त्या मोकळेपणी ‘हे चूक आहे’ म्हणतील अशी अपेक्षा ठेवू नका. त्यांच्याशी स्वतंत्र बोला.

मग घ्यायचे कोण? ज्या आजारावर काम आहे तो आजार भोगलेली दोन-तीन माणसं. क्षयरोगावर काम असेल तर उपचार पूर्ण केलेले टीबी चॅम्पियन जवळपास सापडतात. घरात रुग्णाचं करणारी एखादी सून. बचत गटातली एक बाई. एखादा रिक्षावाला, एखादा दुकानदार, कारण अफवा सगळ्यात आधी त्यांच्या कानावर येतात. महाराष्ट्रात २००७पासून काही जिल्ह्यांत आरोग्यसेवांवर लोकाधारित देखरेख चालली आणि जनसुनवाया झाल्या. त्या भागात असाल तर अशा सुनवाईत उभं राहून बोललेली माणसं शोधा. अधिकाऱ्यासमोर बोलायचा सराव त्यांना आहे. निम्म्या तरी बाया हव्यात. आणि वस्ती ऊसतोड कामगारांची असेल तर ऑक्टोबर-नोव्हेंबर ते मार्च-एप्रिल ती माणसं गावात नसतात हे लक्षात घेऊन बैठकांचं वर्ष आखा.

बोलावणं उघड करा. ग्रामसभेत सांगा (२६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर या नेहमीच्या तारखा आहेत), दवाखान्याच्या भिंतीवर कागद लावा, बचत गटाच्या बैठकीत जाऊन या. कागदावर पाच गोष्टी असाव्यात: काम काय, वर्षाला किती बैठका, एका बैठकीला किती तास, पैसे किती आणि कधी मिळणार, सोडायचं असेल तर कुणाला सांगायचं. मुदत दोन वर्षांची ठेवा आणि दरवर्षी काही जण बदला. सगळे एकदम बदलले की शिकवण पुन्हा पहिल्यापासून सुरू होते.

पैसे

इथे सर्वांत जास्त घोळ होतो. शिवाय हा विषय काढायला दोन्ही बाजूंना अवघड वाटतं, म्हणून तो लांबतो. लांबवू नका. बोलावण्याच्या कागदावरच आकडा लिहा.

तत्त्व साधं आहे: बैठकीला आल्यामुळे कुणाच्या खिशाला खार लागता कामा नये आणि दिलेल्या वेळेचा मोबदला मिळाला पाहिजे. मानधन ठरवताना गावातली त्या हंगामातली मजुरी विचारा. सोयाबीन काढणीच्या दिवसांतला दर आणि मे महिन्यातला दर यांत बराच फरक असतो, म्हणून वरचा दर धरा. बैठक तीन तासांची असली तरी येण्याजाण्यासह माणसाचा अख्खा दिवस जातो. पैसेही अख्ख्या दिवसाचेच द्या.

प्रकल्पाचं अंदाजपत्रक करताना हिशेब असा मांडता येईल. आकडे उदाहरणापुरते आहेत, तुमच्या भागातले घाला. सदस्य १०, बैठका वर्षाला ६. दर बैठकीला माणशी मानधन ५०० रुपये, प्रवास सरासरी १५०, जेवण-चहा १२०, म्हणजे ७७०. वर्षाचे झाले ४६,२०० रुपये. घरी कागद वाचण्याच्या वेळेचे दर बैठकीमागे माणशी २५० धरले तर आणखी १५,०००. फोनच्या रिचार्जला दर बैठकीमागे ५० धरले तर ३,०००. भाषांतर आणि छपाईला २५,०००. एकूण ८९,२०० रुपये. यात समन्वयकाच्या पगाराचा वाटा धरलेला नाही. मंडळाचं काम नीट व्हायचं तर त्याचा आठवड्यातला एक ते सव्वा दिवस त्यात जातो. ही रक्कम निधीच्या अर्जातच मागा. नंतर ‘इतर खर्च’ या सदरातून काढू म्हटलं की जेवण राहतं आणि मानधन जातं.

आता अडचणींची यादी, कारण त्या हमखास येतात. लेखा विभाग प्रवासाचं तिकीट मागतो. वडाप किंवा काळी-पिवळीचं तिकीट कुठून आणणार? त्यासाठी आधीच साधा स्वघोषणा व्हाउचर मंजूर करून घ्या: कुठून कुठे, किती रुपये, सही किंवा अंगठा. एसटीत बायांना अर्धं तिकीट आहे आणि पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना प्रवास मोफत आहे, म्हणून सगळ्यांना एकच रक्कम देण्यापेक्षा अंतरानुसार ठरलेला दर ठेवणं सोपं जातं. एसटी चुकली तर माणूस वडापनेच येतो, तेव्हा दर वडापचा धरा. पॅन कार्ड अनेकांकडे नसतं आणि बँक खातं कित्येकदा बंद पडलेलं असतं. पहिल्या बैठकीच्या महिनाभर आधी खात्यात एक रुपया टाकून पाहा. बाईचे पैसे बाईच्याच खात्यात गेले पाहिजेत, नवऱ्याच्या नाही.

संजय गांधी निराधार योजनेसारख्या योजनांना उत्पन्नाची अट असते. मानधनामुळे योजनेचा महिन्याचा ‘पगार’ बंद होईल का, ही भीती खरी आहे, ती हसण्यावारी नेऊ नका. तलाठी कार्यालयातून आधी विचारून घ्या आणि मानधन घ्यायचं, थोडं घ्यायचं की फक्त प्रवासखर्च घ्यायचा, हे त्या माणसाला ठरवू द्या. आणि पैसे त्याच दिवशी द्या. तीन महिन्यांनी आलेलं मानधन म्हणजे गरिबाने संस्थेला दिलेलं बिनव्याजी कर्ज असतं.

वेळ आणि जागा

आठवडी बाजाराचा दिवस टाळा. जूनमधला पेरणीचा पंधरवडा, काढणी, आषाढी वारी, गौरी-गणपती हे तर सोडाच. बायांना साधारण बारा ते तीन सोयीचं पडतं, स्वयंपाक उरकलेला असतो आणि पोरं शाळेतून यायची असतात. पुरुषांना बरेचदा संध्याकाळ बरी वाटते. दोन्ही साधणार नसेल तर बायांची वेळ धरा. जिल्ह्याच्या रुग्णालयातल्या वातानुकूलित सभागृहापेक्षा अंगणवाडी, समाजमंदिर किंवा ग्रामपंचायतीची खोली चांगली. मात्र समाजमंदिर नेमकं कोणत्या समाजाचं आहे आणि तिथे कोण पाय ठेवणार नाही, हे आधी विचारा. तान्ह्या पोराला सांभाळायला एक माणूस, अपंग सदस्यासोबत येणाऱ्याचं भाडं, स्वच्छ आणि आतून कडी लागणारं स्वच्छतागृह: या तीन गोष्टी नसल्या तर कुणी तक्रार करणार नाही, पुढच्या वेळी येणार नाही एवढंच.

कागद

कागद बैठकीच्या किमान दहा दिवस आधी हातात पडावेत. व्हॉट्सअ‍ॅपवर पीडीएफ टाकली म्हणजे कागद दिले असं होत नाही. छापील प्रत द्या, अक्षर १४ पॉइंटच्या खाली नको, पानं चारपेक्षा जास्त नकोत. ज्यांना वाचता येत नाही किंवा चष्मा नाही त्यांच्यासाठी तेच चार पानांचं वाचन सहा-सात मिनिटांच्या ध्वनिमुद्रणात पाठवा. ध्वनिमुद्रण त्या भागातल्या माणसाच्या आवाजात हवं. मेळघाटात कोरकू, धडगाव-अक्कलकुव्यात भिली-पावरी, भामरागडकडे माडिया बोलणाऱ्यांना पुण्याची पुस्तकी मराठी म्हणजे दुसरी इंग्रजीच.

मराठीत लिहिलेलं असलं तरी ते मराठी असेलच असं नाही. एका संमतीपत्रातलं हे नमुन्याचं वाक्य पाहा:

‘सदर अभ्यासातील सहभागींचे यादृच्छिक पद्धतीने दोन गटांत वाटप करण्यात येईल. सहभाग पूर्णतः ऐच्छिक असून कोणत्याही टप्प्यावर तो मागे घेण्याचा अधिकार सहभागींना राहील.’

व्याकरण शुद्ध आहे, पण पोचत काही नाही. ‘ऐच्छिक’ हा शब्द ज्यांनी ऐकलाय त्यांना शाळेतला ऐच्छिक विषय आठवतो. ‘यादृच्छिक’ कुणीच ऐकलेला नसतो. मंडळासोबत बसून हेच वाक्य सोडवलं की साधारण असं उतरतं:

‘तुम्ही कोणत्या गटात जाणार हे डॉक्टर ठरवत नाहीत आणि तुम्हीही ठरवत नाही. कम्प्युटर चिठ्ठी काढतो. एका गटाला नवी गोळी मिळेल, दुसऱ्या गटाला आज सरकारी दवाखान्यात मिळते तीच. यायचं की नाही ते तुम्ही ठरवा. नाही म्हणालात तरी दवाखान्यातले तुमचे उपचार आहेत तसे चालू राहतील. मधेच सोडायचं असेल तर कारण सांगायची गरज नाही.’

शब्द वाढले, पान वाढलं. चालेल. एथिक्स कमिटीतला एखादा सदस्य म्हणेल की भाषा फार घरगुती झाली, तेव्हा कॅबच्या बैठकीचं इतिवृत्त पुढे ठेवा.

असे अडकणारे शब्द आणखीही आहेत. ‘दुहेरी अंध चाचणी’ (कुणाला कोणती गोळी मिळतेय हे रुग्णालाही माहीत नसतं आणि डॉक्टरलाही) म्हटलं की मोतीबिंदूचं शिबिर वाटतं. ‘नियंत्रण गट’ (तुलनेसाठी ठेवलेला, नवी गोळी न मिळणारा गट) म्हणजे ज्यांची शुगर कंट्रोलमध्ये आहे असे लोक, असा अर्थ निघतो. ‘चाचणी’ म्हणजे रक्त-लघवीची तपासणी. ‘नुकसानभरपाई’ शब्द शेतकऱ्याच्या कानावर पडला की पंचनामा आणि तलाठी आठवतो आणि ती कधी मिळत नाही हेही आठवतं. ‘५ मिली रक्त’ याऐवजी ‘चहाचा एक छोटा चमचा’ म्हणा. चार वेळा घेणार असाल तर चारही वेळांची बेरीज सांगा, वीस मिली, म्हणजे चार चमचे. आणि हे रक्त विकलं जात नाही, तपासणीनंतर त्याचं काय होतं, तेही सांगा. विचारलं नाही तरी सांगा.

समजलं का ते तपासायची एकच पद्धत धड आहे. “कळलं का?” असं विचारू नका, उत्तर ‘हो’च येतं. “घरी गेल्यावर सासूबाईंना हे कसं सांगाल?” असं विचारा आणि गप्प बसा.

पहिलं प्रशिक्षण

तीन तास, मध्ये चहा. एका दिवसात संशोधनशास्त्र शिकवायचं नाही. चार गोष्टी पुरेत: संशोधन आणि उपचार यांत फरक काय, चिठ्ठी टाकून गट का पाडतात, संमती म्हणजे काय, आणि मंडळात ऐकलेलं बाहेर काय सांगायचं नि काय नाही.

चिठ्ठ्यांचा खेळ प्रत्यक्ष करा. वीस चिठ्ठ्या एका डब्यात, दहा लाल, दहा हिरव्या. आधी एका सदस्याला आपल्या मनाने वीस माणसांचे दोन गट करायला सांगा. तो ओळखीची किंवा धडधाकट माणसं एका बाजूला घालतोच. मग डबा फिरवा. गट मनाने पाडले तर नवी गोळी चांगली की तो गटच मुळात धडधाकट होता हे कळणार नाही, हा मुद्दा दहा मिनिटांत पोचतो. तासभराच्या स्लाइड्सनी तो पोचत नाही.

संशोधक आणि डॉक्टरांनाही प्रशिक्षण लागतं, ते बहुधा कुणी ठेवत नाही. त्यांना तासभर बसवा आणि प्रकल्प तीन मिनिटांत, एकही इंग्रजी तांत्रिक शब्द न वापरता सांगायला लावा. समोर मंडळातले दोघे बसवा, त्यांना न कळलेल्या प्रत्येक शब्दाला टाळी वाजवू द्या.

बैठक

मुख्य बैठकीच्या अर्धा तास आधी फक्त सदस्य आणि समन्वयक यांची पूर्वबैठक घ्या. डॉक्टर नकोत. कागद पुन्हा चाळा, प्रश्न ठरवा, कोणता प्रश्न कोण विचारणार ते ठरवा. गटाचा म्हणून आलेला प्रश्न विचारायला एकट्याच्या प्रश्नापेक्षा कमी धैर्य लागतं. सगळ्या उपायांत हा सर्वांत स्वस्त आहे आणि त्याचा परिणाम पहिल्याच बैठकीत दिसतो.

गोल किंवा चौकोनात बसा, व्यासपीठ नको, डॉक्टरांना वेगळ्या गादीच्या खुर्च्या नकोत. सदस्यांचे मुद्दे कार्यक्रमपत्रिकेत पहिले, संशोधकांचं सादरीकरण नंतर. कुणी डॉक्टर मध्येच इंग्रजीत बोलू लागला तर अध्यक्षांनी तिथल्या तिथे थांबवायचं. अध्यक्ष मुख्य संशोधक नसावा. पहिल्या वर्षी समन्वयक, पुढे सदस्यांपैकीच कुणी.

गप्प माणसाकडे बोट दाखवून “तुम्ही बोला” म्हणू नका. सगळ्यांना कागदाचा तुकडा द्या, ज्यांना लिहिता येत नाही त्यांनी शेजाऱ्याला सांगावं, आणि तुकडे मिसळून वाचून दाखवा. नाजूक विषयांवर, म्हणजे पाळी, गर्भपात, लैंगिक आजार, दारू, बायांची आणि पुरुषांची बैठक वेगळी घ्या.

याउलट एखादा सदस्य सगळी बैठक खातो. बहुतेकदा त्याचा राग दवाखान्यावर असतो आणि तो खरा असतो: डॉक्टर नसतात, औषध बाहेरून लिहून देतात. त्याला गप्प करू नका. दहा मिनिटं त्याच्यासाठी राखून ठेवा, तक्रार लिहून घ्या, ती कुणाकडे पाठवणार ते सांगा आणि पुढच्या बैठकीत काय झालं ते कळवा. संशोधन आणि दवाखाना वेगळे आहेत हा भेद तुमच्या डोक्यात आहे, लोकांच्या नाही.

इतिवृत्त दोन रकान्यांचं ठेवा: ‘तुम्ही काय सांगितलंत’ आणि ‘आम्ही काय केलं’. दुसऱ्या रकान्यात ‘नाही केलं’ असेल तर कारण लिहा. हा कागद पंधरा दिवसांच्या आत मराठीतून प्रत्येकाच्या घरी गेला पाहिजे. सदस्य पुढच्या बैठकीला येतात ते मुख्यतः हा कागद पाहून.

लोक काय सांगतात याची कल्पना यावी म्हणून एक नमुना. मधुमेहाच्या अभ्यासात उपाशीपोटी रक्त घ्यायचं असतं. संशोधक म्हणतो, सकाळी आठ. बाया सांगतात की आठला पाणी आणि शेणगोठा असतो, आणि त्याआधी चहा झालेला असतो. तो त्यांना ‘खाणं’ वाटत नाही. म्हणजे ‘काही खाल्लं का?’ याला ‘नाही’ हे उत्तर प्रामाणिक असतं आणि साखरेचा आकडा चुकीचा. श्रावण, नवरात्र आणि रमझानमध्ये गोळ्यांच्या वेळा पुन्हा वेगळ्या. हे प्रोटोकॉल लिहिणाऱ्याला पुण्या-मुंबईत बसून सुचत नाही.

एथिक्स कमिटीतला लेपर्सन

२०१९च्या नवीन औषधे आणि वैद्यकीय चाचण्या नियमांनुसार समितीत किमान सात सदस्य लागतात, त्यांतले निम्मे संस्थेबाहेरचे, आणि औषधचाचणीवर निर्णय घ्यायला पाच जणांच्या ज्या गणसंख्येची अट आहे तिच्यात लेपर्सन असावाच लागतो. तो आला नाही तर बैठक होत नाही. याचा उलटा परिणाम असा की अनेक ठिकाणी त्याला फक्त गणसंख्येसाठी बोलावतात. गाडी पाठवतात, सही घेतात.

त्याला दोनशे पानांचा गठ्ठा देऊन “वाचून या” म्हणणं म्हणजे वाचू नका म्हणणंच. सदस्य सचिवांनी त्याच्यासाठी वेगळी फाइल करावी: दोन पानी मराठी सारांश, माहितीपत्रक आणि संमतीपत्र, विम्याचा व भरपाईचा परिच्छेद, सहभागींना मिळणाऱ्या प्रवासखर्चाचा तपशील. बाकीचं मागितलं तर हजर हवं. त्याचं काम औषधाचं रसायन तपासणं नाही. सहभागीच्या जागी बसून जोखीम आणि फायदा तोलणं आहे. फाइलच्या पहिल्या पानावर त्याच्यासाठी प्रश्न छापून ठेवा: हे माझ्या घरच्यांना समजेल का? नाही म्हणायला खरंच जागा आहे का? मजुरी बुडेल ती कोण देणार? रात्री त्रास झाला तर फोन कोण उचलणार? चाचणी संपल्यावर औषध मिळत राहणार का? सही नेमकी कुणाची घेणार?

शेवटचा प्रश्न क्षुल्लक नाही. २००९-१० मध्ये तेव्हाच्या आंध्र प्रदेशातल्या (आता तेलंगणातल्या) खम्मम आणि गुजरातेतल्या वडोदरा जिल्ह्यात शाळकरी मुलींना एचपीव्ही लस देण्याचा प्रकल्प झाला. खम्ममकडच्या कित्येक संमतीपत्रांवर आईवडिलांऐवजी वसतिगृहाच्या वॉर्डनच्या सह्या निघाल्या. एप्रिल २०१०मध्ये तो थांबवला गेला आणि २०१३मध्ये संसदीय समितीने त्यावर कडक ताशेरे ओढले. ‘सही कोण करणार’ हे विचारायला डॉक्टर असावं लागत नाही.

समितीत मत विचारताना अध्यक्षांनी लेपर्सनला पहिल्यांदा विचारावं. फार्माकॉलॉजीचे प्राध्यापक बोलून झाल्यावर त्याच्याकडे वळलात तर “सरांनी सांगितलं तेच” एवढंच मिळेल.

त्रास झाला, अफवा उठली तर

औषधचाचणीत गंभीर दुष्परिणाम झाला तर संशोधकाने २४ तासांत कळवायचं असतं, सविस्तर विश्लेषण १४ दिवसांत द्यायचं असतं. गावात बातमी मात्र तासाभरात पसरते, आणि पाराजवळ लोक पहिला जाब कॅबच्या सदस्यालाच विचारतात. त्याला त्याच दिवशी फोन गेला पाहिजे. नाव किंवा निदान सांगायचं नाही; एवढंच सांगायचं: एका व्यक्तीला त्रास झाला आहे, उपचार अमुक ठिकाणी मोफत चालू आहेत, कारण तपासलं जातंय, अमुक दिवशी आम्ही गावात येतोय. सदस्याने लोकांना काय सांगायचं ते दोन वाक्यांत लिहून द्या आणि “मला एवढंच माहीत आहे, बाकी यांना विचारा” म्हणायची पूर्ण मुभा द्या. तुमचा बचाव करणं हे त्याचं काम नाही.

मनावरचा भारही असतो. स्वतःचा आजार दर बैठकीत सांगावा लागणं थकवतं. एचआयव्ही किंवा क्षयरोगाच्या अभ्यासात तर मंडळावर नाव असणं म्हणजेच आजार उघड होणं. म्हणून मंडळाच्या नावात आजाराचं नाव नको, फोटो विचारल्याशिवाय काढायचा नाही, घरी जाताना संस्थेचं नाव रंगवलेली गाडी दारात उभी करायची नाही. दर बैठकीनंतर दोन-तीन दिवसांत समन्वयकाने प्रत्येकाला फोन करावा, पाच मिनिटं, कामाचं काही न बोलता. सदस्य आजारी पडला, घरात मयत झाली तर जागा राखून ठेवा आणि तसं सांगा.

प्रकल्प संपताना

निधी संपतो, समन्वयकाचा करार संपतो, फोन बंद होतो. सदस्याला मात्र वर्षभराने रस्त्यात कुणीतरी विचारतं, “त्या रक्ताचं पुढं काय झालं हो?” म्हणून शेवटची बैठक आणि निष्कर्षांची गावसभा यांचे पैसे पहिल्याच अंदाजपत्रकात वेगळे ठेवा. निष्कर्ष नियतकालिकात छापून यायला वर्ष-दीड वर्ष लागू शकतं. तोवर थांबायचं असेल तर तसं तारखेसह सांगा. गावाला द्यायचं एक पान मंडळाने लिहावं, संशोधकांनी फक्त आकडे तपासावेत. गोळीचा उपयोग झाला नसेल तर तेही त्याच पानावर, त्याच आकाराच्या अक्षरात.

सदस्यांचा उल्लेख शोधनिबंधात करायचा तर प्रत्येकाला विचारून. काहींना नाव हवं असतं, काहींना मुळीच नको. प्रमाणपत्र मराठीत द्या, त्यावर कामाचे तास आणि कामाचं स्वरूप लिहा. बचत गटातल्या बाईला ते पुढे कुठेतरी दाखवता येतं. आणि ज्या नंबरवर पुढची दोन वर्षं कुणीतरी फोन उचलेल असा एक नंबर त्या प्रमाणपत्राच्या मागे छापा. तो प्रकल्पाचा नको, संस्थेचा हवा.